समजून घ्या : ‘१०८०पी’ असूनही व्हिडिओ धूसर का दिसतो?

कबनूरच्या यंत्रमागावरच्या साध्या पांढऱ्या कापडात एक धागा तुटला तरी लगेच नजरेत भरतो; चौकड्याच्या कापडात तोच दोष लपून जातो. व्हिडिओचेही तसेच आहे. मोकळ्या आकाशातले ठिपके डोळ्याला खुपतात, स्टेडियममधल्या गर्दीतले दिसतही नाहीत.

‘पीएसएनआर’ ही जुनी मोजणी मात्र मूळ चित्र आणि आपल्याला मिळालेले चित्र यांतील प्रत्येक पिक्सेलचा फरक सारखाच धरते. २००४ मध्ये आलेल्या ‘एसएसआयएम’ने उजेड, काँट्रास्ट आणि रचना यांची तुलना सुरू केली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘व्हीमॅफ’ला माणसांनी व्हिडिओ पाहून दिलेल्या गुणांवरून शिकवले आहे. त्यात ० ते १०० गुण मिळतात.

‘१०८०पी’ म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या, दर्जा नव्हे. फाइल लहान करण्यासाठी चित्र फार दाबले, तर ओळी तेवढ्याच राहतात. पण धावता चेंडू पुसट होतो. डेटाचे पैसे ग्राहक मोजतो. त्यामुळे स्क्रीनवर ओळींच्या आकड्यासोबत दर्जाचे गुणही दिसायला हवेत. तागा तपासल्याशिवाय न घेणाऱ्या गावाने व्हिडिओ तरी न तपासता का घ्यावा?