कोसळू द्या म्हणणाऱ्या दोस्ताला



गेल्या महिन्यात आपल्याच एका दोस्तानं विहाराच्या पायरीवर बसून बोंब ठोकली, ‘कोसळू दे साला हा समाज एकदाचा! आपलं काय जातंय त्यात?’ चार-पाच पोरं हसली. एकानं टाळी दिली. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, विशीत असताना हेच वाक्य मी गेरूनं भिंतीवर लिहिलेलं आहे. मग घरी गेलो. आई पिठाचा डबा कलता करून तळ खरवडत होती. महिन्याची २७ तारीख. पत्र्यावर वाटी घासल्याचा तो आवाज कानातनं जाईना. हे संपादकीय त्या आवाजातनं निघालेलं आहे. ज्याला यात कविता हवी असेल त्यानं पुढची पानं उलटावीत.

समाज कोसळण्याची भीती हल्ली टॉवरातल्या माणसांना फार. युद्ध होईल, बँक बुडेल, वीज जाईल, म्हणून घरात इन्व्हर्टर, जादा सिलिंडर, डब्यांची उतरंड आणि घाटावर कुठंतरी फार्महाऊस. मार्च २०२० मध्ये ट्रॉल्या भरभरून नेणारी ही माणसं आपण डोळ्यांनी पाहिली. चूक काय त्यांची? त्यांना समाज म्हणजे नळाला येणारं पाणी, उचलला जाणारा कचरा, दारात येणारी भांडीवाली. त्यांचा समाज कोसळतो म्हणजे काय होतं? आपण यायचे बंद होतो, एवढंच.

आपल्या घरात त्या कोसळण्याला आधीच नावं पडलेली आहेत. आजीच्या तोंडी बहिष्कार. आईच्या तोंडी बहात्तरचा दुष्काळ. बापाच्या तोंडी संप. माझ्या तोंडी टाळेबंदी. चार पिढ्या नाहीत, जेमतेम तीन, आणि चार वेळा चूल विझली. त्यामुळं ‘कोसळू दे’ म्हणणाऱ्या दोस्ताला माझा पहिला सवाल हाच, की भिंत कोसळते तेव्हा तिच्या बुडाशी झोपलेलं कोण असतं?

आजीचं आधी सांगतो, कारण तिनं जे केलं ते आपण विसरलो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तिच्या गावात महारवाड्यानं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, येसकरकी करायची नाही, पाटी घेऊन भाकर मागायची नाही. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. ठराव करायच्या आधीची सुगी त्या बायांनी वेगळ्या हिशेबानं काढली. मजुरी धान्यातच मिळायची, ती खर्चायची नाही. रानात पडलेला सरवा कणसाकणसानं वेचायचा. शेणानं सारवलेल्या कणगीत ज्वारी ओतायची, वर लिंबाचा पाला. एका घरात सगळं ठेवायचं नाही, कारण घर जाळतात. चौदा घरं, चौदा कणग्या, आणि कोणाच्या कणगीत किती हे फक्त तीन म्हाताऱ्यांना ठाऊक. ‘आरं, बोलायच्या आधी दाणं मोजलं आमी,’ आजी म्हणायची. मग ठराव झाला. मग दुकान बंद, गिरणी बंद, रानाची वाट बंद, मजुरी बंद. जात्यावर दळलं, रात्रीची एकच भाकर खाल्ली, पण ढोर ओढलं नाही.

बाबासाहेब या हत्याराला नीट ओळखून होते. मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीचे ते सभासद होते. १९३० मध्ये आलेल्या तिच्या अहवालात बहिष्काराची सगळी चाल उघडी करून मांडलेली आहे. अस्पृश्यानं सार्वजनिक विहिरीवर हक्क बजावला, एवढंही कारण पुरायचं. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. चांगलं झालं. पण गुन्हा नोंदवून घेईपर्यंत पोट थांबत नाही, आणि मालकाला हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा चांगलं कळतं.

आता बहात्तर. आई तेव्हा वीस वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडायला. मजुरीत लाल मिलो, पोरांना सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. १८७६ च्या दुष्काळासारखे मुडदे पडले नाहीत, याचं कारण माणसं रस्त्यावर आली, कामासाठी भांडली, मोर्चे काढले आणि सरकारला काम द्यावं लागलं. त्यातनंच पुढं रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. हा इतिहास खराच. पण आईला जे आठवतं ते वेगळं. कामावर पाण्याचा पिंप वेगळा होता. आभाळ फाटलं, जमीन भेगाळली, पाटलाचीही विहीर आटली, तरी पिंप वेगळाच! परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात त्याच १९७२ च्या मे महिन्यात सवर्णांच्या विहिरीवर पाणी प्यायल्या म्हणून आपल्या दोन बायांची नागवी धिंड काढली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात अख्ख्या वस्तीवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली, ती काही हवेतनं नाही.

तेव्हा दोस्ता, लिहून ठेव. व्यवस्था कोसळते तेव्हा जात सोबत कोसळतेच असं नाही. पाणी खाली जातं तशी ती वर येते, विहिरीतल्या दगडासारखी.

संपाचं थोडक्यात सांगतो, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागं घेतल्याचं अजून कोणी जाहीर केलेलं नाही. बाप रिंग फ्रेमवर होता, म्हणजे सूतखात्यात. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून पिढ्यान्पिढ्या आपल्याला तिथं प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा रेटला होता. तर कमी पगाराचं घर संपात उतरलं. दोन महिन्यांनी चाळीतली माणसं गावाला जाऊ लागली. ज्याचं दोन बिघे होतं तो नाचणी पेरायला गेला, तिकडून पोतं पाठवू लागला. बापाला लोक म्हणायचे, तूही जा की गावाला. आमचं गावाला काय होतं? महारवाडा होता. बाप हमाली करू लागला. आईच्या कानातलं गेलं, मग तांब्याचा हंडा गेला, मग मोठ्या भावाची शाळा गेली. संपाच्या इतिहासात हा हंडा कुठं सापडायचा नाही. एकाच संपात एकाच खोलीतली दोन माणसं वेगवेगळ्या खोलीवरनं पडतात, हे आमच्या लाल दोस्तांना मी अजून समजावू शकलेलो नाही.

आणि आता माझं. टाळेबंदी हा शब्द आपल्याला गिरणी मालकांनी शिकवला होता, २०२० साली देशानं शिकला. २४ मार्चला रात्री ८ ला सांगितलं, १२ पासून बंद. चार तास. माझा पगार चालू होता, नोकरी बरी. मी दोन महिन्यांचं धान्य भरलं, हुशारीनं, गाजावाजा न करता. शेजारची मावशी चार घरची धुणीभांडी करायची. चारही घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं, पगाराचं कोणी बोललं नाही. तिच्या घरात पाच माणसं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या चुलीचा वास यायचा बंद झाला. मला ते कळलं. पत्र्याच्या एका भिंतीपलीकडलं कळणार नाही का? तीन रात्री मी कडी लावून जेवलो. फोडणीचा आवाज जाऊ नये म्हणून बायकोला पाणी घालून शिजवायला सांगितलं. वीस वर्षं ‘शोषितांनो एक व्हा’ लिहिणारा माणूस मी! चौथ्या दिवशी आईनंच दार उघडलं, परात उचलली आणि मला न विचारता निघून गेली. माझ्याकडं बघितलंही नाही.

त्याच टाळेबंदीत ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या घरी जायला. रुळावर भाकरी पडलेल्या होत्या. आपण ते फोटो पाहिले, कविता लिहिल्या, या अंकासाठीही त्या अजून येतात. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच आहे. त्यांनी भाकरी बांधून घेतल्या होत्या. तयारी केली होती गरिबांनी, त्यांच्या परीनं.

मग करायचं काय? मी तेव्हापासून वही घालून बसलोय, त्यातलं काही सांगतो.

रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो, २०१३ चा कायदा. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांना २५ किलो. हातानं राबणारा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम धान्य सहज खातो, म्हणजे घराला रोज २ किलो. २५ किलो तेराव्या दिवशी संपतं. उरलेले सतरा दिवस कोणाच्या तरी मर्जीवर. ठेकेदार शिवी देतो तेव्हा आपण गप्प बसतो ते या सतरा दिवसांमुळं. म्हणून मला घरात धान्य हवं. टॉवरवाल्याला जगण्यासाठी हवं असेल, मला ‘नाही’ म्हणण्यासाठी हवंय. आजीच्या कणगीचा अर्थ मला इतक्या उशिरा कळला.

पण दहा बाय बारात पोतं ठेवायचं कुठं? पावसाळ्यात टोके-किडे होतात, उंदीर आहेतच. ज्वारी, तांदूळ कडक उन्हात वाळवून, लिंबाचा पाला घालून, झाकण घट्ट बसेल अशा पिंपात पावसाळा काढतात हे आयांना विचारा. आपल्या कार्यकर्त्यांना घरातला पिठाचा डबा कुठल्या फळीवर आहे हे माहीत नसतं, आणि ते शोषणावर बोलतात. साठा कोणाच्या ताब्यात, याचं उत्तर एकच. जी शेवटी जेवते तिच्या. ‘मला भूक नाय’ म्हणून झोपणारी जी असते ना, तिच्याच हातात वही द्यायची.

धान्याइतकीच कागदांची काळजी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि सखल वस्त्यांतनं माणसांबरोबर पेट्या वाहून गेल्या. आपल्या जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबाच्या शाळेचा तो एक पिवळा कागद गेला की पोरीची फी-माफी गेली, वसतिगृह गेलं. झोपडीलाही ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो, नाहीतर बुलडोझर. सवर्णाच्या घरात सोनं जिथं ठेवतात तिथं आपल्या घरात हे कागद हवेत, जाड प्लॅस्टिकमध्ये, छताजवळ, आणि एकेक प्रत दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडं. आग लागली तर दोन्ही वस्त्या एका रात्री जळत नाहीत. (जाळायला आले तर सांगता येत नाही.)

आणि औषधं. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच तुटला तर तोच टीबी गोळ्यांना दाद देत नाही. टाळेबंदीत आमच्या गल्लीत दोघांचा तुटला. कोणाच्या घरी कसल्या गोळ्या चालू आहेत, हे वस्तीतल्या एका तरी माणसाला ठाऊक हवं. पाणी, टॉर्च, मेणबत्त्या, पंप मारायच्या स्टोव्हची पिन वगैरे तुम्हाला सांगायला नको, ते आपण रोजचंच जगतो.

अवघड गोष्ट पुढं आहे. एकट्याच्या घरातला साठा मी २०२० मध्ये करून पाहिला. त्यानं मला कडी लावायला शिकवलं. आमच्या वस्तीत ६० घरं. रोज घरटी एक मूठ, धरा ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३ किलो, महिन्याला ९० किलो, वर्षाला हजाराच्या वर. जुनं झालेलं दर तीन महिन्यांनी वाटून टाकायचं, नवं भरायचं. जागा विहाराची. विहारात धान्य ठेवलं तर बुद्ध रागवत नाही, माझी खात्री आहे. मावशीनं हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कुलपाची किल्ली कोणाकडं?’ अख्ख्या चळवळीचा प्रश्न तिनं तीन शब्दांत विचारला. आपले किती गट किल्लीवरून फुटले ते मोजत बसत नाही.

पैसा कुठून, असं कोणी विचारू नये. यंदाच्या १४ एप्रिलला आमच्या मंडळानं डीजेला ६० हजार दिले. ४० रुपये किलोनं त्याचा १५०० किलो तांदूळ येतो, घरटी २५ किलो. हे मी बैठकीत बोललो तर एक पोरगा उसळला, ‘बाबासाहेबांच्या जयंतीत तांदूळ मोजता?’ त्याचा राग मी समजतो. वर्षभर मान खाली घालून चालणाऱ्या पोराला एक रात्र छाती फुगवून नाचायचं असतं, ती त्याच्याकडनं काढून घ्यायला मी कोण? पण निम्मे तरी. तीसच हजार. त्यावर दोन तास भांडण झालं, शिवीगाळ झाली, दोघं उठून गेले. निर्णय लागला नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता विहारात पुन्हा बैठक आहे. ‘कोसळू दे’ म्हणणारा दोस्त येणार आहे, तसं त्यानं कबूल केलंय. डीजेवालं पोरगंही येणार आहे. त्यानं निरोप पाठवलाय की तांदूळ परवडेल पण ज्वारी नको, त्याला ती पचत नाही. या सगळे, भांडायला या. येताना एकेक मूठ आणा. वही मावशीच्या हातात राहील, आणि किल्लीचं त्याच दिवशी ठरेल.

जयभीम.