डॉक्टरांच्या वहीत नाव नाही?

ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैदी पूर्वजांचा माग काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: जहाज सापडले, त्यावरच्या डॉक्टरांची वहीही मिळाली, पण आमच्या माणसाचे नावच नाही. अहो, मग आनंद माना! ती वही म्हणजे प्रवाशांची यादी नव्हे. तिच्यात नाव लागायला आधी आजारी पडावे लागे. जहाजावर कोण होते हे पाहायचे तर वसाहतीत उतरलेल्या कैद्यांचे इंडेंट, म्हणजे नावनिशीच्या याद्या, आहेत.

या वह्या सक्तीच्या झाल्या त्या एका आपत्तीनंतर. १८१४ मध्ये पोहोचलेल्या 'सरी'सह तीन कैदी जहाजांवर माणसे पटापट दगावली. 'सरी'वर तर टायफसने कप्तान आणि डॉक्टरही गेले. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर मॅक्वारी याने सर्जन विल्यम रेडफर्नकडून त्यावर अहवाल मागवला. हा रेडफर्न स्वतः कधीकाळी कैदी म्हणूनच आलेला. त्यानंतर कैदी जहाजांवर नौदलाचे सर्जन नेमले जाऊ लागले आणि वही वरिष्ठांकडे जमा करणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. यातल्या टिकलेल्या वह्या लंडनच्या क्यू भागातील नॅशनल आर्काइव्हजमध्ये, एडीएम १०१ या मालिकेत आहेत. १७९० च्या, कैदी जहाजांच्या दुसऱ्या ताफ्यातला पूर्वज तिथे शोधत बसू नये.

बहुतेक जण रोग्यांच्या यादीवरून बोट फिरवतात आणि वही मिटतात. यादीतला शेवटचा रकाना तरी वाचा: बरा झाला, मेला, की बंदरावर इस्पितळात धाडला? इस्पितळात धाडला असेल, तर पुढचा धागा किनाऱ्यावरच्या दप्तरात. एकाच नावाचे दोघे असतील तर वय ताडून पाहा. वहीच्या अखेरचे सर्वसाधारण शेरे मात्र जपून वाचावेत. डेक कोरडे ठेवले, हवा खेळती ठेवली, लिंबाचा रस वेळेवर दिला, हे सर्जन लिहितो ते आपल्या साहेबांसाठी.

स्त्री कैद्यांच्या जहाजांच्या वह्या आम्हाला सर्वात मोलाच्या वाटतात. आईबरोबर निघालेली, वाटेत जन्मलेली पोरे सरकारी यादीतून अनेकदा सुटतात (आपल्या जुन्या कुलवृत्तांतांतून लेकी सुटल्या तशीच), पण जुलाब लागले की डॉक्टरांच्या वहीत येतात. असे मूल टास्मानियात उतरले असेल, तर होबार्टजवळच्या न्यू टाउनमधील अनाथ शाळेची दप्तरे उघडा; कैदी आयांची कितीतरी मुले तिथेच ठेवली गेली.