बटण खुंटीवर नको



‘म्हातारपणी माणूस हवा, यंत्र नको’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. भावना पटते, पण चोवीस तास माणूस आणायचा कुठून?

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बुधवाऱ्यात एकटी राहते, मुलगा पुण्याला. त्याने गळ्यात घालायचे बटण पाठवले. दाबले की त्याला, मला आणि शेजारच्या भाभींना फोन लागतो. आंघोळीला जाताना मावशी ते काढून खुंटीला अडकवायची. श्रावणात नेमकी न्हाणीघरातच घसरली. बाहेर पॉवरलूमची खडखड, हाक ऐकणार कोण? तासाभराने दूधवाला आला तेव्हा कळले. बटण पाण्यात चालते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. (त्यात मीही आलो.)

वीज गेली तर काय, ही पत्रलेखकांची शंका मात्र रास्त आहे. ब्रिटनमध्ये फोनच्या जुन्या तारा बदलून घरच्या विजेवर चालणारी जोडणी देताना अशी काही बटणे मुकी झाली आणि २०२३च्या डिसेंबरात सक्तीची बदली थांबवावी लागली. तेव्हा बटण घेण्याआधी बॅटरी किती तास टिकते, हे विचारावे. सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सल्ल्याला, तक्रारीला बरी. पडल्याझडल्यावर ११२ किंवा १०८च.

आता मावशी बटणासकट आंघोळ करते. दर सोमवारी ‘चालतंय का बघते’ म्हणून दाबते. भाभी धावत येतात, तोवर चहाचे आधण ठेवलेले असते.

– एक वाचक, बुधवारा, बऱ्हाणपूर