परसातली चूल : ठराव पुरे, आता विटा मांडा

आज पिकाचं नाही, चुलीचं बोलू.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि वाडीवस्तीवर गॅसची टाकी पोहोचली. चांगलंच झालं. पण पारनेर, पाथर्डी, शेवगावकडे कामानिमित्त फिरताना मी पाहतो, टाकी स्वयंपाकघरात आहे आणि चूल परसात पेटलेलीच आहे. चहा गॅसवर होतो. अंघोळीचं पाणी, बाजरीची भाकरी, शेंगोळी आणि पाहुण्यांचा रस्सा चुलीवर. टाकी भरायला पैसे नसले की सगळंच चुलीवर. तेव्हा ‘चूल गेली’ असं कागदावर लिहून उपयोग नाही. ती आहे, तर नीट का नसावी?

तीन दगडांच्या चुलीला चारी बाजूंनी वारा लागतो. आच भांड्याला कमी आणि बाहेर जास्त. धूर म्हणजे दुसरं काय, तर न जळलेलं सरपण. ते बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातं. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली. ते पाहून अनेक गावांनी ठराव केले. पण ठरावाला हात वर करायचे पुरुषांनी आणि सरपणाचा भारा लांबून आणायचा बाईने, हे बरोबर नाही. कुऱ्हाडबंदी टिकवायची तर चुलीचं पोट लहान केलं पाहिजे.

ते अवघड नाही. नऊ बाय चार बाय तीन इंचाच्या पंधरा विटा घ्या. सपाट, टणक जागेवर चार विटा आडव्या, एकीच्या टोकाला दुसरी अशा फिरवून मांडा. मधे पाच इंचांचा चौकोन आपोआप राहतो. असे चार थर मातीने सांधा. थरागणिक विटांची दिशा उलटी करा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. खालच्या दोन थरांत समोरची वीट न लावता कोपऱ्याला फक्त अर्धी वीट लावा, म्हणजे साधारण साडेचार इंचांचं तोंड राहील. पहिल्या थरावर तोंडात पत्र्याचा तुकडा ठेवा. सरपण पत्र्यावर, हवा पत्र्याखालून. वर विटेचे तीन तुकडे लावून भांडं अर्धा इंच उचलून ठेवा. बाहेरून माती, शेण आणि चाळलेल्या राखेचा जाड लेप द्या. आठ-दहा दिवस वाळू द्या, मग आधी बारीक जाळ करा.

उभ्या पोकळीमुळे हवा खालून ओढली जाते आणि धूर वर जाता जाता जळतो. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास याच तत्त्वाची चूल बसवली. तिला रॉकेट स्टोव्ह म्हणतात. मात्र ही चूल उघड्यावरचीच. बंद खोलीत मांडू नका आणि कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा.

तिला ओंडका लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचं वाळलेलं सरपण पुरतं : तुरीच्या तुराट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या, पऱ्हाट्या. पण पऱ्हाटीबाबत एक सांगतो. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दबा धरून बसते. म्हणून बोंडं झाडून नष्ट करा आणि पऱ्हाटी पावसाळ्याआधी संपवा. बांधावर गंजी ठेवली तर पुढच्या कपाशीला अळी तुम्हीच दिलीत म्हणून समजा. उसाचं पाचट जाळू नका, ते रानाचं आहे. गोवऱ्या जितक्या कमी जाळाल, तितकं शेणखत रानाला जास्त.

माझ्या लहानपणी आमच्या घरी धुराड्याची सुधारित चूल होती. आम्ही धुराडं कधी साफ केलं नाही, ते काजळीने बुजलं. लांब लाकूड बसेना म्हणून आजीने तोंड फोडून मोठं केलं. वर्षाच्या आत ती पुन्हा जुनीच चूल झाली. त्यात आजीची चूक नव्हती. तिचा हंडा केवढा, तवा केवढा, हे आधी घरातल्या कुणी विचारलंच नव्हतं. चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ साली बंद झाला. आता वाट कुणाची पाहायची?

म्हणून सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती आहे. एका बचत गटाला आणि गावातल्या एका गवंड्याला सोबत घेऊन पहिली चूल एखाद्या घराच्या परसात मांडा. त्या घरातल्या बाईचीच भांडी वापरा. जुन्या आणि नव्या चुलीवर तोच हंडा तापवून दोन्ही वेळचं सरपण तराजूवर तोला. आकडा पटला तरच दुसरी मांडा. आणि किती चुली बसल्या हे मोजू नका, सहा महिन्यांनी किती पेटतात ते मोजा.

आणि कारभारी मंडळी, विटा तुम्ही आणा, माती तुम्ही कालवा. चुलीपुढे बसते ती, पण धुराची जबाबदारी घरातल्या सगळ्यांची आहे.