वाळीत टाकलेल्याचे पान

अरब राष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरते, तेव्हा तिचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. सभागृहात भाषणे होतात, ठराव वाचला जातो, छायाचित्रे निघतात. पण खरे काम त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत, एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत होणाऱ्या धावपळीत आणि बंद दाराआडच्या खलबतांत उरकलेले असते. याचे मूळ अरब लीगच्या घडणीतच आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या मूळ सनदेतील सातव्या कलमानुसार एकमताने झालेला निर्णय सर्वांवर बंधनकारक होता. बहुमताचा निर्णय मात्र तो मान्य करणाऱ्यांपुरताच. साहजिकच उघड मतदानापेक्षा आगाऊ मनधरणीला महत्त्व आले. या रीतीमुळे चारचौघांतील तंटे टळतात, हे खरे. परंतु मनधरणीने न सुटणाऱ्या प्रश्नांचे पुढे काय होते, हे सीरियाच्या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसले असेल.

१२ नोव्हेंबर २०११ रोजी याच परराष्ट्रमंत्र्यांनी सीरियाला वाळीत टाकले. निदर्शकांवर रणगाडे घालणाऱ्या राजवटीशी व्यवहार नको, असे १८ राष्ट्रांचे मत पडले. खुद्द सीरियासह लेबनॉन व येमेन विरोधात गेले आणि इराक तटस्थ राहिला. २०१३ च्या दोहा परिषदेत तर सीरियाच्या जागी विरोधी आघाडीचा प्रतिनिधी बसवण्यात आला. बशर अल-असद आज ना उद्या जाणार, हा त्यामागचा हिशेब. रशिया आणि इराण यांनी तो खोटा ठरवला. मग एकेकाची पावले पुन्हा दमास्कसकडे वळू लागली. २०१८ च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिरातीने तेथील आपला दूतावास उघडला, तेव्हाच वारा कोणत्या दिशेचा आहे हे दिसले होते.

निमित्त मिळाले ते ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाचे. मदतीच्या विमानांपाठोपाठ मंत्री आले. आधी जॉर्डनचे अयमान सफादी आणि मग इजिप्तचे सामेह शुक्री दमास्कसला जाऊन आले. मार्चमध्ये बीजिंग येथे सौदी अरेबिया व इराण यांचा समेट झाला आणि सर्वांत मोठी धोंड दूर झाली. एप्रिलमध्ये सीरियाचे परराष्ट्रमंत्री फैसल मिकदाद जेद्दाला पोहोचले. दोनच दिवसांनी तेथे आखाती राष्ट्रे, इजिप्त, जॉर्डन आणि इराक यांचे प्रतिनिधी जमले. त्या रात्री एकमत झाले नाही. पण चारच दिवसांत सौदी परराष्ट्रमंत्री फैसल बिन फरहान स्वतः दमास्कसला गेले.

या सर्व धावपळीत मोलाची ठरावी अशी बैठक एकच होती, ती १ मे रोजी अम्मान येथे झालेली. सौदी अरेबिया, इजिप्त, इराक आणि जॉर्डन यांच्या मंत्र्यांसमोर सीरियाचा मंत्री बसला होता, आणि तेथे जे विषय निघाले ते खरोखर दुखऱ्या नसेवरचे होते. शेजारी देशांत राहणाऱ्या पन्नास लाखांहून अधिक निर्वासितांनी कोणत्या भरवशावर परतायचे? कॅप्टागॉन नावाच्या गोळ्यांचा चोरटा व्यापार कोण थांबवणार? तुरुंगांत नाहीशा झालेल्या माणसांचा शोध कोण घेणार? जॉर्डनने ‘पावलास पाऊल’ असे सूत्र मांडले होते. दमास्कसने एक पाऊल टाकावे, मग अरब राष्ट्रांनी एक टाकावे. सूत्र शहाणपणाचे होते. मात्र सहाच दिवसांनी, ७ मे रोजी, कैरोच्या बैठकीने सीरियाची जागा परत देऊन टाकली आणि त्या पावलांचा पाठपुरावा करण्याचे काम एका समितीकडे सोपवले. हाती असलेला हुकमाचा पत्ता पहिल्याच हाताला टाकल्यावर उरलेला डाव समितीने कसा खेळावा? कतारने आपली भूमिका बदललेली नाही असे सांगितले, आणि त्याच श्वासात अरब एकमताच्या आड येणार नाही असेही सांगितले. एकमत या शब्दाला कैरोत काय अर्थ आहे, हे यातून पुरेसे कळते. १९ मे रोजी जेद्दाच्या शिखर परिषदेत असद इतर राष्ट्रप्रमुखांच्या पंगतीला बसले.

बहिष्कृताला परत घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. इस्रायलशी तह केल्याबद्दल १९७९ मध्ये इजिप्तलाही बाहेर काढून लीगचे मुख्यालय ट्युनिसला हलवले गेले होते. १९८९ मध्ये इजिप्त परतला तो तह न मोडता. पण तेव्हा इराण-इराक युद्धाने अरबांना इजिप्तची गरज भासत होती आणि इजिप्तचे सरकार स्वतःच्या पायांवर उभे होते. २०२३ च्या सीरियाविषयी यांतले काहीच म्हणता आले नसते.

जागा मिळाल्यानंतर दमास्कसने द्यायचे होते ते दिलेच नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉर्डनच्या सैन्याला सीरियाच्या सरहद्दीवर अमली पदार्थांच्या सशस्त्र तस्करांशी लढावे लागले. निर्वासितांची मोठी रांग माघारी निघाली नाही. ज्या पोलिसांच्या भीतीने घर सोडले, तेच पोलिस नाक्यावर उभे असताना ती निघणार तरी कशी? बेपत्ता माणसांच्या शोधासाठी जून २०२३ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने. मुलाचे छायाचित्र छातीशी धरून बसलेल्या आईला कैरोच्या ठरावातून काहीच मिळाले नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस बंडखोरांनी उत्तरेतून मुसंडी मारली आणि दोन आठवड्यांच्या आत, ८ डिसेंबरला, असद मॉस्कोला पळाले. सैदनाया तुरुंगाचे दरवाजे उघडले, तेव्हा तेथे हजारो आप्त आपली माणसे शोधत धावले. मंत्र्यांनी ज्या सरकारशी इतक्या काळजीने बोलणी केली, त्याच्या बचावासाठी त्याचे स्वतःचे सैन्यही उभे राहिले नाही.

त्यानंतर सहा दिवसांनी, १४ डिसेंबर रोजी, जॉर्डनमधील अकाबा येथे तीच संपर्क समिती पुन्हा जमली. विषय सीरियाचे भवितव्य हाच होता. अम्मानच्या मेजावर निदान सीरियाचा एक मंत्री होता. अकाबाच्या मेजावर सीरियातील कोणीही नव्हते.