खोक्याची पाठ

कन्हान नदीकाठचे खापा हे कोष्ट्यांचे जुने गाव. इथे पिढ्यान्पिढ्या हातमागावर कापड विणले गेले. हातमागाला झाकण नसते. धोटा कुठून कुठे गेला, ताण्याचा कोणता धागा तुटला, सारे उघड्यावर दिसते. घरातल्या पोरालाही यंत्र बघूनच कळते. संगणकाचे तसे नाही. त्याचे सारे चलनवलन एका खोक्यात बंद असते. आपण त्या खोक्याला ‘सीपीयू’ म्हणतो. वास्तविक सीपीयू म्हणजे आतली तळहातापेक्षाही लहान चीप. दुकानदाराच्या भाषेत खोक्याचे नाव ‘कॅबिनेट’. आत काय आहे ते कळत नाही, म्हणून आपण कॅबिनेटचे तोंड बघून संगणक पसंत करतो. फसगत होते ती इथेच.

ही तोंडदेखली नवलाई आजची नव्हे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तो आडवा, मळकट पांढऱ्या रंगाचा होता. पुढे खोके उभे राहिले, रंग मात्र बरीच वर्षे तसाच राहिला. त्या काळच्या अनेक कॅबिनेटांवर लाल-हिरवे आकडे झळकत. तो संगणकाचा वेग, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात ते आकडे जोडणी करणारा कारागीर आतल्या पिना बदलून ठरवत असे. आकडा मोजलेला नसे, लावलेला असे! १९९८ साली अॅपलने आयमॅक आणला. त्याच्या अर्धपारदर्शक निळ्या-हिरव्या अंगाने संगणकालाही रूप असते हे जगाला पटवले. आता काचेची दारे आणि रंग बदलणारे दिवे आले आहेत. नागपूरच्या सीताबर्डीत मुले त्यांच्यापुढे थबकतात, त्यात नवल नाही.

पण हा खोका शोभेची पेटी नव्हे, ते यंत्राचे घर आहे. आतली चीप काम करताना तापते. पुढून गार हवा आत यावी आणि मागून, वरून गरम हवा बाहेर जावी, यासाठी पंखे असतात. पुढची बाजू सलग काचेने बंद केली आणि कडेला पुरेशी फटही ठेवली नाही, तर पंख्याने हवा घ्यायची कुठून? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. खोलीतली हवाच तापलेली, त्यात धूळ; माग असलेल्या घरात सुताचे बारीक तंतूही. ते जाळीवर साचले की यंत्र गुदमरते. मग ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, फारच तापले तर बंद पडते. आपण म्हणतो, ‘कंपनी खराब निघाली.’

मी आयुष्यभर बँकेत तारणे तपासली. घर तारण ठेवायचे तर रंगवलेल्या दर्शनी भिंतीवर भागत नाही, परसदारी जाऊन ओल पाहावी लागते. कॅबिनेटचेही तसेच आहे. ते दुकानात फिरवून पाहावे. मागे मोठा पंखा बसतो का? पुढे जाळी आहे का, आणि ती काढून धुता येते का? बाजूचा पत्रा सहज उघडतो का, की त्याच्या कडा बोटे कापतील? पत्रा दाबल्यावर वाकतो का? स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. वीज सतत खालीवर होणाऱ्या गावात सगळी भिस्त त्या डब्यावर असते. दिव्यांचे पैसे तिथे घालावेत. घरी आणल्यावर खोका टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. क्रोशाचे कव्हर घालायचेच असेल, तर यंत्र बंद केल्यावर.

कोणी म्हणेल, पोराच्या हौसेला काही किंमत नाही का? आहे. बारावीनंतर मुलीसाठी संगणक घेताना बाप वर्षभराची बचत मोडतो. तो दिसायलाही देखणा असावा, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. सौंदर्याशी माझे भांडण नाही. लुगड्याचा काठही शोभेसाठीच असतो. पण तो कापडाबरोबर विणलेला असतो, वरून चिकटवलेला नसतो. आणि जाणती बाई लुगडे घेताना पदर उलटा करून पाहते. संगणक घेतानाही तिलाच बरोबर न्यावे.