परसातील विहीर आणि पावडरीचे प्रमाण

गोव्यात व बेळगावकडे परसात विहीर असलेली घरे अजूनही पुष्कळ आहेत. पावसाळा सरताना तीत ब्लीचिंग पावडर टाकतात, हे योग्यच. पण ती मुठीमुठीने उधळली, की सकाळी पाणी चहासारखे तांबूस दिसते आणि घरात घबराट उडते. कोणी आणखी पावडर टाकतो, कोणी पंप लावून विहीरच उपसायला निघतो. दोन्ही टाळावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

हा तांबूसपणा म्हणजे नवी घाण नव्हे. जांभ्याच्या मुलखात पाण्यात पुष्कळदा लोह विरघळलेले असते; क्लोरीनमुळे त्याचा गंज बनतो व अदृश्य होते ते दिसू लागते. विहीर उपसली, तरी झऱ्यातून लोह पुन्हा येणारच! पाणी पांढुरके असेल, तर तो पावडरीतला चुना. एकदोन दिवस पाणी न ढवळता राहू दिले, की गाळ बहुधा तळाशी बसतो. उग्र वास जाईपर्यंत ते पिऊ मात्र नये. तुरटी वापरायचीच, तर आधी बाटलीभर पाण्यात अजमावून पाहावी. ती अति झाली तर पाणी आंबटते आणि निवळतही नाही.

चांगली पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते. २ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल, तर सुमारे २४ ग्रॅम, मूठभरही नव्हे. ती रात्री बादलीत कालवावी, दहा मिनिटांनी वरचे निवळलेले पाणी तेवढे विहिरीत सोडावे आणि खालचा साका फेकून द्यावा.